तणसात मुरविलेला सफरचंदाचा रस

सुज्ञ वाचकांस प्रथम वंदन करून मी असे जाहीर करतो की, सफरचंद या फळापासून 'सायडर' नावाचे पेय घरच्या घरी तयार करण्याचा जो उद्योग मी गतवर्षी आरंभिला, त्याचा आरंभ, मध्य आणि विसर्जन यांचा वृत्तान्त पुढे यथाक्रम देण्यात येईल. त्यात कोठे अतिशयोक्ती आढळल्यास ती माझे शेजारी टिकाराम यांची समजावी. एस. टी. महामंडळातून वाहक म्हणून निवृत्त झाल्यापासून ते प्रत्येक घटनेस स्वतः हजर असतात, आणि नसले तरी असल्याप्रमाणे सांगतात. कोणाची बदनामी करावी असा माझा हेतू नाही. माझी झाली, तेवढी एका गावास पुरेशी आहे.

होळी आटोपल्यावर भंडाऱ्यास माझी हर्नियाची शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेचे नेमके स्थान येथे नमूद करणे प्रशस्त दिसत नाही. जाणकारांनी ते जाणावे, इतरांनी चौकशी करू नये. आता आमच्या भागात असा एक अलिखित कायदा आहे की, आजारी माणसास भेटावयास जाणाऱ्याने सफरचंदे न्यावीत. निरोगी माणसास आमच्याकडे सफरचंद कोणी देत नाही. जन्मभर धान पिकविणाऱ्या मनुष्याच्या हाती कोणी सफरचंद ठेवले, तर आपल्या प्रकृतीविषयी डॉक्टरांनी काहीतरी लपविले आहे, असे तो समजतो. मी घरी आलो आणि सफरचंदे येऊ लागली. सोयरे आले, सोयऱ्यांचे सोयरे आले, धानाच्या गिरणीवर ज्यांची केवळ तोंडओळख होती तेही आले. प्रत्येकाने पिशवी माझ्या उशाशी ठेवली, शस्त्रक्रिया कोठे झाली ते विचारले, आणि मी चादर वर ओढून घेतली.

पहिल्या आठवड्यात आम्ही सफरचंदे खाल्ली. दुसऱ्या आठवड्यात माझ्या पत्नीने त्यांची भाजी केली, जिच्याविषयी मौन पाळणे हे पतीचे कर्तव्य आहे. गाईस घातली. गाईने एक दिवस खाल्ली. दुसऱ्या दिवशी तिने माझ्याकडे अशा चिंताग्रस्त नजरेने पाहिले की, जणू तिचीही शस्त्रक्रिया ठरली होती. शेवटी टिकाराम यांनी दिलेली निळी पिशवी मी लाखांदूरच्या आजारी साडूकडे गुपचूप पाठविली. साडूने ती कोणास दिली, त्याने पुढे कोणास दिली, हे ईश्वरास ठाऊक. परंतु एके दुपारी गल्लीतल्या केशरबाई मला भेटावयास आल्या आणि त्यांनी तीच निळी पिशवी माझ्या उशाशी ठेवली. टिकाराम समोर बसले होते. त्यांनी पिशवीची गाठ ओळखली. 

माझा मुलगा अमर पुण्यास कारखान्यात असतो. त्यास ही हकीकत फोनवर सांगितली तेव्हा तो म्हणाला की, बाबा, सायडर करा. परदेशात लोक हेच करतात. त्याने एक चित्रफीतही पाठविली, जिच्यात एक गोरे गृहस्थ सफरचंदांचा रस बरणीत भरून तळघरात नेऊन ठेवीत होते. मी त्यास स्पष्ट विचारले की, यात नशा असते काय. त्यावर अमरने मला जे समजाविले त्याचा सारांश असा की, ताजा असतो तोवर तो रस असतो, मुरला की सायडर होते, आणि फार मुरला की सिरका, म्हणजे व्हिनेगर. म्हणजे माणसाप्रमाणेच त्याचे बाल्य, तारुण्य व वार्धक्य असते. बाल्यात तो निष्पाप, वार्धक्यात औषधी; जो काय धोका तो तारुण्यात. बाल्य संपता संपता रस पिऊन टाकावा आणि उरलेला थेट वार्धक्यास पोहोचवावा, असा मी निश्चय केला.

हा निश्चय इतका विचारपूर्वक करण्यास कारण होते. माझी पत्नी सत्यभामाबाई ही आमच्या गावच्या दारूबंदी महिला मंडळाची अध्यक्ष आहे. तिच्याच पुढाकाराने गावातील मोहाच्या भट्ट्या बंद झाल्या. शेवटची भट्टी गोमाजी यांची होती. मंडळाने ठरविल्याप्रमाणे गोमाजींना आपले मडके स्वतःच्या डोक्यावर घेऊन, साऱ्या गावातून चालत तलावापर्यंत जावे लागले, आणि तेथे ते फोडावे लागले. त्यानंतर त्यांनी शपथ घेतली व ती पाळली, हे त्यांच्या शत्रूंनाही मान्य आहे. अशा स्त्रीच्या घरात मादक पदार्थाचा थेंब सापडणे म्हणजे तिच्या अध्यक्षपदाचा आणि त्याहून मोठ्या गोष्टीचा, तिच्या शब्दाचा, शेवट. ही जाणीव मला प्रारंभापासून होती. तिला मी एवढेच सांगितले की, पित्तावर मुरविलेला रस करून पाहतो. यात असत्य काही नव्हते.

मी कायद्यास भिणारा मनुष्य असल्यामुळे टाके पुरते भरण्यापूर्वीच परवानगीच्या मागे लागलो. ग्रामसेवक म्हणाले की, फळ शेतातले असेल तर तलाठ्याकडे जा. तलाठ्यांनी माझा सातबारा काढला, वरून खाली पाहिला, आणि त्यावर धान व लाखोळी एवढेच असून सफरचंद नसल्याचे सांगितले. ती भेट म्हणून आलेली आहेत, असे मी म्हणालो. मग ती पीकपाहणीत कशी लावणार, अशी त्यांना अडचण पडली, आणि ती अडचण त्यांनी मला देऊन भंडाऱ्यास पाठविले. तेथील एका कार्यालयात, कोणत्या ते सांगत नाही, टेबलामागे बसलेल्या साहेबांशी माझा पुढीलप्रमाणे संवाद झाला.

"दारू बनवून राहिले का तुमी?"

"नाही जी. रस."

"मंग रसाले परवानगी कायले पायजे?"

"समोर चालून त्याची दारू होऊ शकते म्हनून, साहेब."

"तं मंग झाल्यावर या."

"झाल्यावर आलो तं का होईल जी?"

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि शांतपणे सांगितले की, झाल्यावर आलो तर गुन्हा दाखल होईल. त्यांचे म्हणणे कायद्यास धरूनच होते. मला त्यात चूक काढता आली नाही. मी नमस्कार करून बसने परत आलो. उभ्याने आलो, कारण बसणे अद्याप सोसत नव्हते.

आता रस काढणे. घरचे मिक्सर तिसऱ्या सफरचंदास धूर सोडून बंद पडले. टिकाराम यांनी सल्ला दिला की, लाखनीस हायवेवर उसाची रसवंती लागलेली आहे. जे यंत्र उसासारख्या कठीण वस्तूस दाद देत नाही, त्यापुढे सफरचंद काय. सल्ला सकृद्दर्शनी निर्दोष होता. आम्ही दोघे पोते घेऊन गेलो. रसवंतीवाल्याने प्रथम नकार दिला, नंतर कुतूहलापोटी मान्य केले. ऊस लांब असतो व सफरचंद गोल असते, हा भेद त्या क्षणापर्यंत आम्हा तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. पहिले सफरचंद यंत्राने आत घेण्याऐवजी बाहेर फेकले. ते समोर चहा पिणाऱ्या एका ट्रकचालकाच्या बशीत पडले. दुसरे त्याच्या खांद्यास लागले. हे आपल्यावरच चालले आहे, असा ग्रहच त्या गृहस्थांनी करून घेतला, आणि टिकाराम त्यांना वाहकाच्या जुन्या सवयीने "मागं सरका, मागं सरका" असे सांगू लागल्यामुळे गैरसमज वाढला. अखेर मी पोट धरून खाली बसलो. शस्त्रक्रियेचा उल्लेख होताच ट्रकचालक विरघळले. त्यांनीच स्वतःच्या चाकूने सफरचंदांच्या फोडी केल्या व त्या फोडी यंत्राने घेतल्या. निरोप घेताना त्यांनी मला गाडीतून काय आणून दिले, हे वाचकांनी ओळखले असेल. त्यांचाही रस काढला.

तो रस एका तेलाच्या धुतलेल्या कॅनमध्ये आणि उरलेला सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, त्यात लाखनीच्या बेकरीतून आणलेले चिमूटभर खमीर घालून मी बुचे घट्ट लाविली. चित्रफितीतील गोरे गृहस्थ बरणीचे तोंड सैल ठेवीत होते, परंतु त्यांच्याकडे मुंग्या नसाव्यात.

आणि येथे मी ती गोष्ट केली, जी आमच्याकडील कोणत्याही सुजाण माणसाने केली असती. आम्हास तळघर नाही. आमच्याकडे तणस आहे, म्हणजे धान झोडल्यावर उरणारे पेंढे. आंब्यांच्या दिवसांत कच्चा आंबा आम्ही तणसात दडवून ठेवतो, आणि त्याच्या उबेने तो पिवळा होतो. मुरण्याची जी वस्तू असेल ती तणसात, हे आम्हास कोणी शिकवावे लागत नाही. मी कॅन व बाटल्या आवारातील तणसाच्या गंजीत खोल दडविल्या आणि वरून पेंढे सारखे केले. तणसात काळ निराळ्या गतीने चालतो, हे आंब्याविषयी मला बाळपणापासून ठाऊक होते. रसाविषयी ते सुचले नाही. अमरच्या हिशेबाने माझा रस अद्याप रांगत होता. प्रत्यक्षात वैशाखाच्या त्या उन्हात, तणसाच्या त्या उबेत, त्याला मिसरूड फुटली होती.

हे सर्वप्रथम गोमाजींच्या ध्यानात आले. ते आमच्याकडे कधी येत नसत. मडक्याच्या प्रकरणापासून माझ्या पत्नीशी ते बोलतही नसत. आता मात्र रोज दुपारी येऊन गंजीच्या सावलीत बसू लागले.  मधूनच डोळे मिटून दीर्घ श्वास घेत. मी प्रकृती विचारली तर म्हणत, "बरं वाटते येथं, धनीरामभाऊ. हवा चांगली हाये." मला वाटले, शपथेनंतर माणूस अंतर्मुख झाला आहे.

दरम्यान मी एक बाटली काढून सत्यभामाबाईस पित्तावर म्हणून पेलाभर रस दिला. तिने एक घोट घेतला, पेल्याकडे पाहिले, आणि उरलेला सावकाश संपविला. मीही घेतला. वाचकहो, तो रस जिभेवर बारीक बारीक टोचत असे आणि पोटात गेल्यावर ऊन पडल्यासारखे वाटे. फळाचा वास मागाहून येई. सत्यभामाबाई म्हणाली की, पित्त बसल्यासारखे वाटते. दुसऱ्या दिवशी पित्त पुन्हा उठले, तेव्हा तिने स्वतःच पेला पुढे केला. त्या दुपारी ओसरीवर बसून ती मला तिच्या माहेरच्या एका बैलाची गोष्ट सांगत होती आणि सांगता सांगता हसत होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी तिला असा एक बैल होता, हे मला प्रथमच कळले. औषधाचा गुण आला, असे मी समजलो.

त्याच आठवड्यात मंडळाची मासिक बैठक आमच्या आवारात भरली. विषय गंभीर होता: हायवेच्या फाट्यावर नवे दारूचे दुकान येऊ घातले होते, त्याविरुद्ध निवेदन. ऊन फार होते. अध्यक्षांनी मोठ्या अभिमानाने सर्व सभासद भगिनींना माझा रस दिला, आणि मागितला त्यांना पुन्हा दिला. मी दाराआडून हे पाहत होतो व माझी छाती भरून आली होती.

अशी बैठक गावाने पाहिली नव्हती. केशरबाई आणि गिरजाबाई यांच्यात हातपंपावरून जुने वैर. त्या दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि हातपंपालाच शिव्या देऊ लागल्या. निवेदनाचा मसुदा सर्वानुमते मंजूर झाला. त्यापाठोपाठ गावातील सर्व नवऱ्यांनी सकाळचे अंगण झाडावे, असा विषयपत्रिकेत नसलेला ठराव सर्वानुमते मंजूर झाला. मग कोणीतरी गाणे काढले. दारूच्या निषेधाचे गाणे होते ते, परंतु त्याला इतकी बहार मी यापूर्वी ऐकलेली नव्हती.

दुसऱ्या कडव्यास गंजीत स्फोट झाला.

पहिली बाटली फुटली तेव्हा सर्वांना वाटले, लग्नाचा फटाका. दुसरी फुटल्यावर पेंढे उडाले. तिसरीचे बूच कौलावर जाऊन आदळले, आणि जी धार निघाली तिचा वास साऱ्या आवारात पसरला. गाणे थांबले. गंजीच्या सावलीतून गोमाजी उठून उभे राहिले. त्यांच्या डोक्यावर तणस होते आणि खांद्यावर फेस. टिकाराम भिंतीवरून पाहतच होते.

 मग सत्यभामाबाई पुढे आली, तिने फुटलेल्या बाटलीचा बुंधा उचलला, हुंगला, आणि माझ्याकडे पाहिले. मी अमरचा सिद्धान्त सांगू लागलो, परंतु बाल्यापाशीच थांबलो. केशरबाईंनी सुचविले की, हे काय आहे हे चाखल्याखेरीज कळणार नाही, आणि चाखून ओळखणारा येथे एकच आहे. सर्वांनी गोमाजींकडे पाहिले. सत्यभामाबाईने आतून पेला आणला व गंजीतून कॅन बाहेर ओढून तिच्यातला रस ओतून त्यांच्यापुढे धरला.

गोमाजींनी हात मागे घेतले.

"मी सपथ खाल्ली हाये, बाई. तुमच्याच हातावर हात ठेवून. मी नाही पेणार." मग त्यांनी पेल्यावर वाकून डोळे मिटले, आणि इतका वेळ वास घेतला की टिकाराम भिंतीवरून अर्धे आत आले. "दारू हाये," ते म्हणाले. "कवळी हाये. पन दारूच हाये. बनवनाऱ्याचा हात बरा हाये."

एवढ्या आपत्तीतही शेवटच्या वाक्याने मला किंचित बरे वाटले, हे मी लपवून ठेवीत नाही.

यानंतर अनेक सूचना आल्या. पित्तावर घेतले म्हणजे ते औषध, आणि औषधास बंदी नाही, असे गिरजाबाईंचे म्हणणे पडले. ज्ञात नसताना प्यालेले ते प्यालेले धरू नये, असे दुसऱ्या एका भगिनीने मांडले. केशरबाई तर याला सरबत म्हणून कार्यवृत्तात लिहून मोकळे व्हा, असे सांगू लागल्या. गोमाजी यातले काही ऐकत नव्हते. ते केवळ सत्यभामाबाईकडे पाहत होते, आणि मलाही त्याक्षणी दुसरे काही दिसत नव्हते. तिने 'सरबत' म्हटले असते तर प्रकरण तेथेच मिटले असते. आणि ती जन्मभर गोमाजींच्या घरावरून मान वर करून गेली नसती.

"गोमाजीभाऊ," ती म्हणाली, "तुमाले तवा कोन्त्या रस्त्यानं नेलं होतं?"

"बजारचौकातून. बजाराचा दिवस होता. सारा गाव पाहून राहिला होता."

सत्यभामाबाईने पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि कॅन उचलू लागली. मी धावलो. गुन्हा माझा असल्याने ओझेही माझे, असे मी म्हणालो.

"तुमचे टाके कच्चे हायेत," ती म्हणाली. "मांगून या. हळू या."

अशा रीतीने दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्ष डोक्यावर सायडरची कॅन घेऊन बाजारचौकातून निघाल्या. दारापर्यंत त्या एकट्या होत्या. मग गिरजाबाईंनी एक शाबूत बाटली उचलली आणि मागे झाल्या. केशरबाईंनी दुसरी उचलली. पाहता पाहता सारे मंडळ रांगेने चालू लागले, आणि ज्यांच्या वाट्यास बाटली आली नाही त्यांनी रिकामे पेले हाती धरले. काहींची चाल सरळ नव्हती. ते उन्हामुळे असावे. टिकाराम सर्वांच्या पुढे जाऊन लोकांना मागे सरकवीत होते व विचारणाऱ्यास आरंभापासून सांगत होते. मी सर्वांत मागे, एक हात पोटावर ठेवून. पारावरच्या लोकांनी मला पाहून शस्त्रक्रिया कोठे झाली, हे याच वेळी विचारावे, याचे मला वाईट वाटले.

तलावाच्या पाळीवर सत्यभामाबाई थांबली. भरलेली कॅन एकट्याने उतरविणे कठीण असते. ओझे उचलणाऱ्यांस हे ठाऊक आहे. मंडळातल्या बायकांचे हात भरलेले होते आणि मी अद्याप पाळ चढत होतो. गोमाजी पुढे झाले. त्यांनी दोन्ही हातांनी कॅन धरली आणि तिच्या डोक्यावरून अलगद खाली ठेवली.

"मायं मडकं उतरवाले कोनी नोतं आलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता; आठवले म्हणून सांगितले, एवढेच.

"चुकलं आमचं," सत्यभामाबाई म्हणाली. "मडकं फोडाचंच होतं. पन हात लावाले पायजे होता."

गोमाजींनी मान हलविली आणि बूच उघडून दिले. मग तिने कॅन कलती केली. तो सोनेरी रस फेसाळत पाण्यात गेला, आणि पाठोपाठ बाटल्या रित्या झाल्या. सारे मंडळ पाळीवर स्तब्ध उभे राहून त्या फेसाकडे पाहत होते. फेस विरल्यावरही कोणी लवकर हलले नाही. त्या चेहऱ्यांवर जे होते तो पश्चात्ताप होता की हळहळ, हे मला निश्चित ठरविता आले नाही, आणि त्यातला एक चेहरा माझ्या घरचा असल्यामुळे विचारण्याचे धाडसही झाले नाही.

इतका वेळ आपला बहुमोल काळ खर्च करून ज्यांनी हे वाचले, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. वाचनात काही कमीअधिक वाटल्यास क्षमा असावी, आणि टिकाराम यांच्याकडून ऐकलेल्या हकीकतीशी हे जुळत नसल्यास माझ्यावर विश्वास ठेवावा.

आपला नम्र,
धनीराम गिऱ्हेपुंजे